चाकावरचे घर आणि छपरावरची छत्री



आपल्या धर्मग्रामातला एक तरुण अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेला गेला. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. इतक्या उशिरा फादरना फोन येतो तो बहुधा आजारपणाचा नाहीतर मरणाचा, म्हणून मी घाबरूनच उचलला. तो म्हणाला, "फादर, आम्ही आरव्ही विकत घेतली. जूनमध्ये मुलांना घेऊन महिनाभर फिरायला निघणार आहोत. पण तिच्या छपरावर टीव्हीची डिश बसवायची की नाही, यावरून घरात दोन आठवडे धुसफूस चाललीय. ही म्हणते, फादरना विचार, ते सांगतील ते मान्य."

मला हसू आले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही सत् आणि असत्, कार्यकारणभाव, इच्छास्वातंत्र्य असे पुष्कळ काही घोकले होते. डिश अँटेनावर परीक्षेत कधी प्रश्न आला नाही. "विचार करून कळवतो," असे सांगून फोन ठेवला. मग खरोखरच विचार करायला बसलो, तेव्हा लक्षात आले की प्रश्न वाटला तेवढा हलका नाही. त्या दोघांची परवानगी घेऊनच आज त्यावर लिहितो आहे.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना आरव्ही ठाऊक असेल. इतरांसाठी सांगतो. आरव्ही म्हणजे चाकावरचे घर. काही आपल्या एसटीएवढ्या मोठ्या, काही लहान. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, न्हाणी, पाण्याची टाकी, सगळे असते. सुट्टीत कुटुंबे त्यातून हिंडतात आणि काही निवृत्त जोडपी तर राहते घर विकून वर्षानुवर्षे त्यातच राहतात. मुक्कामाच्या जागेला कॅम्पग्राउंड म्हणतात. सरकारी जंगलातल्या साध्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येकाला गाडीपुरती जागा, एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी एक लोखंडी कडे मिळते. तिथे टीव्ही पाहायचा असेल तर डिश हवी.

डिश दोन प्रकारची. एक तिपाईवरची. ती गाडीच्या पोटातल्या कप्प्यात ठेवतात आणि मुक्कामाला पोचल्यावर बाहेर काढून उभी करतात. दुसरी छपरावर कायमची बसवलेली. तिचे बटण दाबले की ती आपली आपण उठते, फिरते, उपग्रह शोधते आणि काही मिनिटांत चित्र दिसू लागते. काही छपरांवर पांढऱ्या घुमटाखाली झाकलेली छोटी डिश असते. तिच्यातल्या काही तर गाडी धावत असतानाही उपग्रहावर नजर धरून राहतात.

यामागचे शास्त्र सोपे आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथे त्यांचा एक फेरा आणि पृथ्वीची एक गिरकी एकाच वेळात पुरी होते, म्हणून ते आकाशात एका जागी थांबल्यासारखे भासतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपल्या वसईतल्या छत्र्या दक्षिणेकडे तोंड करून असतात. अमेरिकेतल्याही तशाच. फरक उंचीचा आहे. आपल्याकडची छत्री क्षितिजापासून सुमारे ६४ अंश वर पाहते, त्यामुळे शेजारच्या माडांची तिला फारशी अडचण होत नाही. यलोस्टोनच्या परिसरात तोच कोन जेमतेम ३८ अंश भरतो. म्हणजे दक्षिणेला २० मीटर उंचीचे झाड असेल तर डिश त्याच्यापासून निदान २६ मीटर दूर हवी. हा हिशोब लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

२०१८ च्या जूनमध्ये मी मॉन्टाना राज्यातल्या एका धर्मग्रामात, तिथले फादर रजेवर गेले म्हणून, त्यांच्या जागी सेवेला होतो. सेवा संपल्यावर तिकडे स्थायिक झालेले आपल्याच भागातले एक कुटुंब मला भाड्याच्या आरव्हीतून यलोस्टोन दाखवायला घेऊन गेले. १८७२ मध्ये स्थापन झालेले हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. आमचा मुक्काम त्याच्या पश्चिम सीमेबाहेरच्या सरकारी जंगलात होता. चोहीकडे लॉजपोल पाइनची झाडे, खांबासारखी सरळ आणि एकमेकांना खेटून. रात्री इतकी थंडी, की जुलै असून मी दोन स्वेटर घालून झोपलो. अस्वलांच्या भीतीने खाण्याची एकही वस्तू टेबलावर ठेवायची नाही, ही तिथली पहिली शिकवण.

आमच्या डाव्या हाताला सत्तरीचा एक एकटा गृहस्थ होता. त्याची गाडी झाडांच्या दाट सावलीत, ओढ्याच्या काठाला. रोज संध्याकाळी तो तिपाई घेऊन उन्हाच्या मोकळ्या तुकड्यात जाई. आधी तिपाई समपातळीत आणायची, मग होकायंत्राने दिशा, मग कोन, मग डिशचा तिरकेपणा. हातातल्या छोट्या यंत्राचा सूर चढेपर्यंत केसभर इकडे, केसभर तिकडे. एका अंशाची चूक म्हणजे तिथे वर सहाशे किलोमीटरहून जास्त चूक. आणि एकाच कंपनीचे दोन उपग्रह आकाशात दोन-दोन अंशांवर, त्यामुळे चुकून शेजाऱ्याच्याच दारात जायचे! शेवटी गाडीपर्यंत लांबलचक केबल ओढायची. अर्धा तास सहज जाई. आम्ही गंमत बघत असू. तिसऱ्या संध्याकाळी त्याने तिपाई अर्धी उघडली, आभाळाकडे पाहिले, पुन्हा मिटली आणि खुर्ची उचलून आमच्या शेकोटीपाशी येऊन बसला. त्या रात्री तो साडेदहापर्यंत बोलत होता. बायको जाऊन दोन वर्षे झाली होती. गाडी तिनेच पसंत केली होती.

उजव्या हाताची गाडी भलीमोठी. झाडांतली थंडगार जागा मोकळी असताना त्यांनी मुद्दाम कडेची, उघड्या उन्हातली जागा घेतली होती. कारण उघड होते. छपरावरच्या डिशला दक्षिणेचे आभाळ हवे, आणि छप्पर तर गाडीबरोबरच उभे राहणार. दिवसभर गाडी तापे, म्हणून एसी लागे, एसीसाठी जनरेटर लागे. पडदे ओढलेले आणि आत निळा उजेड. माझ्या मनात लगेच प्रवचन तयार झाले. हजारो मैल येऊन ही माणसे पडद्याआड बसतात, ओढ्याचे पाणी दोनशे पावलांवर असताना यांना त्याचा आवाज ऐकू येत नाही, वगैरे वगैरे. रविवारी कुठे प्रवचन द्यायचे नव्हते म्हणून बरे.

शनिवारी त्या गाडीतला म्हातारा आमच्याकडे आला. मी धर्मगुरू आहे हे त्याला कळले होते. त्याची बायको आजारी होती, पायऱ्या उतरू शकत नव्हती. मी तिच्यासाठी कम्युनियन आणू शकेन का, असे तो विचारीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लाकडी टेबलावर पांढरे कापड अंथरून मी मिस्साबलिदान अर्पण केले आणि पवित्र कम्युनियन घेऊन त्यांच्या गाडीत गेलो. आत टीव्ही चालू होता. अलाबामा राज्यातून मदर अँजेलिका यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या वाहिनीवरचे मिस्साबलिदान. ती रोज पाहत असे. चर्चला जाण्याऐवजी टीव्ही लावला म्हणजे रविवारचे कर्तव्य होते असे नाही, हे तिला ठाऊक होते, आणि आजाऱ्याला ते कर्तव्य बांधत नाही, हेही. तिला एवढेच हवे होते की दिवसाची सुरुवात कोणाच्या तरी प्रार्थनेबरोबर व्हावी. माझ्या मनातले प्रवचन त्या पायऱ्यांवरच गळून पडले.

आणि खरे सांगायचे तर गोष्ट इथेच संपली नाही. तो १५ जुलै होता. मॉस्कोमध्ये फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना, तिथल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला. मॉन्टानात सकाळचे नऊ. आमच्या यजमानांचा बारा वर्षांचा मुलगा शुक्रवारपासून तोंड पाडून बसला होता. म्हाताऱ्याने त्याला आत बोलावले. मुलाच्या मागोमाग त्याचे वडील गेले आणि त्यांच्या मागोमाग मी. फ्रान्सने चार गोल केले, क्रोएशियाने दोन, आणि चषक देताना तिथे धो धो पाऊस. यलोस्टोनमध्ये आलेला तुमचा फादर रविवारच्या सकाळी दोन तास पडद्याआड बसून मॉस्कोचा पाऊस पाहत होता. बाहेर ऊन पडले होते.

इथे कायद्याची एक गमतीदार बाब सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत स्थानिक वाहिन्या आपापल्या शहरापुरत्याच दिसतात. उपग्रहावरूनही त्या बहुतेक त्या-त्या प्रदेशापुरत्याच सोडल्या जातात. घरापासून दूर गेले की त्या बंद. मग फिरत्या लोकांचे काय? १९९९ च्या एका कायद्याने आरव्ही आणि मालवाहू ट्रक यांना दूरच्या शहराची वाहिनी दाखवण्याची सवलत दिली, आणि २०१९ मध्ये ती सवलत इतर बहुतेकांसाठी बंद केली तेव्हाही या दोघांची कायम ठेवली. म्हणजे ज्याने घर मागे सोडले असे आपण म्हणतो, त्याची गाडी टीव्हीपुरती कायद्याने घरच मानली. मग तो घरातून निघाला तरी कधी?

सतराव्या शतकातल्या पास्कलला हा प्रश्न आवडला असता. माणसाला आपल्याच खोलीत स्वस्थ बसवत नाही आणि त्याची पुष्कळशी दुःखे त्यातूनच उपजतात, असे त्याचे निदान होते. माणूस शिकारीला, जुगाराला, लढाईला जातो तो काही मिळवायला नव्हे, स्वतःपासून पळायला, असे तो समजे. पण खोलीलाच चाके लावून ती अरण्यात न्यायची आणि तिथे पोचल्यावर आत बसून दुसरीकडचे पाहायचे, ही युक्ती त्याच्याही ध्यानात आली नव्हती.

तरीपण मी करमणुकीच्या विरुद्ध नाही, आणि ख्रिस्तसभाही नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद यांनाही सद्‌गुणात जागा दिली आहे. धनुष्य सारखे ताणून ठेवले तर मोडते, मनाचेही तसेच, ही संत योहानाबद्दलची जुनी गोष्ट त्यांनी त्याच संदर्भात सांगितली आहे. दिवसभर गाडी हाकून दमलेल्या माणसाने तासभर बातम्या पाहिल्या तर त्यात पाप शोधणे हा नीतिविचार नव्हे, तो नुसता खडूसपणा आहे.

जनरेटरचा प्रश्न त्याहून सोपा, म्हणून चटकन उरकतो. तुमचा टीव्ही तुमचा, पण जंगलातली शांतता सगळ्यांची. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ अवाजवी आवाज करणे हा गुन्हाच आहे. शेजाऱ्याची शांतता खर्चून आपली करमणूक करू नये, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री लागणाऱ्या डीजेबद्दल मी पूर्वी याच पानावर लिहिले आहे. काही उपयोग झाला नाही.

खरा अवघड प्रश्न तिपाई आणि छप्पर यांच्यातला आहे. योगायोग असा की तो ज्याने सर्वांत नीट मांडला तो विचारवंत त्याच मॉन्टाना राज्यात राहत होता. अल्बर्ट बोर्गमन हे मूळचे जर्मन. १९७० पासून ते मॉन्टाना विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. २०२३ मध्ये ते निवर्तले. १९८४ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात लाकडावरच्या शेगडीचे उदाहरण आहे. पूर्वी घरात एक शेगडी असे. कोणी लाकडे फोडी, कोणी ती भरून ठेवी, कोणी पहाटे विस्तव पेटवी, आणि थंडीत सगळे तिच्याभोवती जमत. मग घरभर नळ्यांतून ऊब खेळवणारी यंत्रणा आली. ऊब मिळाली, पण लाकडे फोडणे गेले आणि शेगडीभोवतीचे जमणेही गेले. यंत्र आपल्याला हवी ती वस्तू कष्टाशिवाय हाताशी आणून देते. कष्टांच्या पोटात जे दुसरे काही होते ते मात्र निमूटपणे काढून घेते. आपल्या आजीची चूल आठवा. तिचा धूर कोणालाच नको आहे, मलाही नाही. पण चुलीपुढच्या गप्पा गॅसपुढे होत नाहीत, हेही आपण पाहिले आहे.

त्या डाव्या हाताच्या गृहस्थाचा अर्धा तास मला या उजेडात दिसू लागला. टीव्ही पाहावा असे वाटणे आणि टीव्ही दिसणे यांच्यामध्ये त्याला एक फट होती. त्या फटीत तो रोज नव्याने ठरवत असे: आज पाहायचा का? दोन संध्याकाळी उत्तर 'हो' आले, तिसऱ्या संध्याकाळी 'नाही' आले. इच्छास्वातंत्र्यावर मी जाडजाड ग्रंथ वाचले, पण ते वापरायला माणसाला थोडी उसंत लागते, एवढी साधी गोष्ट मला एका म्हाताऱ्याच्या तिपाईने दाखवली. छपरावरच्या डिशला हा प्रश्न रोज पडत नाही. तो एकदाच, दुकानात पडतो, आणि पुढच्या सगळ्या संध्याकाळींचे उत्तर माणूस तिथल्या काउंटरवरच देऊन मोकळा होतो. शिवाय तिपाईवाला गाडी सावलीत लावतो आणि डिश उन्हात नेतो. छपरावाल्याला गाडीच उन्हात न्यावी लागते. आज आपण कुठे उतरायचे, हे ओढा ठरवत नाही, झाड ठरवत नाही, मुलेही ठरवत नाहीत. ते ३८ अंशांचा कोन ठरवतो.

यावर तुम्ही म्हणाल, फादर, कष्टाने केली म्हणून गोष्ट चांगली होते का? मैलभर चालत जाऊन दारू पिणारा घरात पिणाऱ्यापेक्षा सज्जन आहे का? नाही, हे मान्य. आणि उजव्या हाताच्या त्या माऊलीचे काय? तिच्या नवऱ्याला थरथरत्या हातांनी रोज तिपाई लावायला सांगणे म्हणजे तिची रोजची प्रार्थना हिरावणेच. तिच्यासाठी छपरावरची छत्री ही दया होती. म्हणून याचा नियम करून सगळ्यांना लावता येत नाही. एकाच वस्तूने एकाचा एकांत मोडतो आणि दुसऱ्याचा एकटेपणा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्यांच्या खिडकीत निळाच उजेड दिसतो.

आता तर काळ आणखी पुढे गेला आहे. २०२२ पासून आरव्हीसाठी स्टारलिंकची इंटरनेट डिश निघाली. तिचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरूनच फिरतात आणि डिश त्यांना स्वतः शोधते. झाडे तिलाही अडवतात, तेवढाच झाडांचा विजय. पण टीव्हीच्या सामन्याला शेवट होता. अकरा वाजता चषक दिला गेला आणि आम्ही उन्हात बाहेर आलो. इंटरनेटला शेवटची शिट्टी नसते, आणि त्याच तारेवरून ऑफिसही मागोमाग येते.

एवढा विचार झाल्यावर मी त्या तरुणाला फोन केला. म्हटले, छपरावर काही बसवू नकोस. एक तिपाईची घे आणि कप्प्यात ठेव. मुक्कामाची जागा आधी ठरवायची, तीही पत्नीने आणि मुलांनी. मग डिशला आभाळ दिसले तर ठीक, नाही दिसले तरी ठीक. बोर्गमनही थोडे ऐकवले. स्वतःच्या उत्तरावर मी बऱ्यापैकी खूश होतो. तो "बरं फादर" म्हणाला आणि फोन पत्नीकडे दिला.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फादर, मला डिशचं काही नाही हो. कुठलीही घेऊ दे. घरी तो वरच्या खोलीत बघतो, मी खाली बघते, मुलं आपापल्या फोनवर. या गाडीत एकच खोली आहे. मी किमतीकडे बघितलंच नाही, ती एक खोली बघून हो म्हणाले होते. आता तो म्हणतो, तुला त्रास नको म्हणून मी कानात लावून बघीन."

मी तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. तिपाई आणि छप्पर यांच्यावरचे माझे सगळे विवेचन तिने निमूट ऐकून घेतले होते, आणि ते तिच्या प्रश्नाला शिवतसुद्धा नव्हते. एवढेच म्हणालो, "हे तू त्याला सांगितलंस का?" ती म्हणाली, "नाही. म्हणून तर म्हटलं, फादरना विचार."

मी म्हटले, "फोन स्पीकरवर टाक."